इन्स्पेक्टरच्या कमरेला काय लटकतंय?

पोलिसपटात नायक पडद्यावर येतो तेव्हा कॅमेरा आधी बूट दाखवतो, मग मिशा, मग गॉगल. ज्याला शस्त्रांतलं थोडंफार कळतं तो मात्र कमरेकडे बघतो. आपल्या देशात कुणाच्या हातात कुठलं शस्त्र असावं हे आवडीनिवडीवर ठरत नाही, ते कायद्यावर आणि सरकारी कोठारात काय शिल्लक आहे यावर ठरतं. दिग्दर्शकाने शस्त्र नीट निवडलं असेल तर त्या पात्राचा हुद्दा, त्याचा काळ, त्याच्या ओळखी हे सगळं एकही संवाद न म्हणता कळतं. निवडलं नसेल तर तेही कळतं.

आणि ग्वाल्हेरच्या प्रेक्षकाला तर जरा जास्तच कळतं. शहरातल्या लश्कर भागात बँकेच्या दारात स्टुलावर बसलेला गार्ड आणि त्याच्या मांडीवर आडवी दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, हे दृश्य इथे कुणी वळून बघत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की लायसन्सवाले आपापल्या बंदुका गिलाफात घालून ठाण्यात जमा करायला निघतात. दसऱ्याला जुन्या सरदार घरांत तलवारीशेजारी बारा बोरच्या बंदुकीलाही हळद-कुंकू लागतं. त्यामुळे थिएटरात नायकाने रिव्हॉल्व्हरमधून सातवी गोळी झाडली की मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, ‘अबे, छह हो गईं!’

ही मोजणी रिव्हॉल्व्हरपुरती बरोबर आहे. पिस्तुलाला ती लागू नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

रिव्हॉल्व्हरच्या मधोमध एक जाडजूड चक्री असते. तिच्यात बहुधा सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की चक्री एक घर पुढे फिरते, भरलेलं घर नळीसमोर येतं, मागचा घोडा आपटतो आणि बार उडतो. रिकामी पुंगळी मात्र चक्रीतच बसून राहते. पिस्तुलात चक्री नसते. काडतुसं मुठीच्या आत मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. बार उडाला की त्याच धक्क्याने वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाजूला फेकतो आणि पुढे येता येता खालचं नवं काडतूस नळीत ढकलतो. चाप मात्र दर बाराला नव्याने ओढावा लागतो. शेवटची गोळी सुटली की बहुतेक आधुनिक पिस्तुलांची स्लाइड मागेच अडकून राहते.

आता तो ठरलेला प्रसंग आठवा. खलनायक नायकाच्या कपाळावर शस्त्र रोखतो, चाप ओढतो आणि नुसतं ‘टिक’. गोळ्या संपलेल्या! रिव्हॉल्व्हर असेल तर हे अगदी शक्य आहे. पिस्तूल असेल तर खलनायकाला आधीच दिसायला हवं होतं, कारण स्लाइड मागे जाऊन नळी उघडी पडलेली असते. ते न बघता कपाळावर रोखणारा माणूस टोळीचा म्होरक्या कसा झाला, हाच प्रश्न पडतो.

दुसरा ठरलेला प्रसंग घोड्याचा. धमकी द्यायची म्हणून इन्स्पेक्टर अंगठ्याने घोडा मागे ओढतो, ‘कट्’ असा आवाज येतो, समोरचा घाम पुसतो. आपल्या पोलिसांकडचं जुनं देशी पिस्तूल, ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात बनणारं ९ मिलिमीटर ऑटो १ए, याला हे शोभतं. ते मुळात ब्राउनिंगच्या गाजलेल्या रचनेवरचं आहे, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या बसतात आणि पहिल्या बारासाठी घोडा चढवावाच लागतो. पण हल्लीच्या सिनेमात नायकाच्या हातात ग्लॉक असतं. ग्लॉक १७ मध्ये १७ गोळ्या मावतात, ते ऑस्ट्रियाचं, हलकं, अर्धं प्लास्टिकचं, आणि त्याला बाहेर घोडाच नसतो. तरीही पडद्यावर ‘कट्’ वाजतं. तो आवाज पिस्तुलातून येत नाही, साउंड रेकॉर्डिस्टच्या संगणकातून येतो.

बोर म्हणजे नळीचा आतला व्यास, एवढं बहुतेकांना माहीत असतं. तो मोजायच्या पद्धती मात्र तीन आहेत. ९ मिलिमीटर म्हणजे सरळ मिलिमीटर. .३२ म्हणजे एका इंचाचे बत्तीस शतांश. बारा बोरची गंमत वेगळी. एक पौंड शिसं घेऊन त्याच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जेवढी जाड होईल, तेवढी रुंद ही नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून बारा बोर सोळा बोरपेक्षा मोठी. या नळीतून एक गोळी नव्हे, छर्रे सुटतात आणि पसरत जातात. बँकेच्या गार्डला ती देतात, कारण जवळच्या अंतरावर नेम फार अचूक असावा लागत नाही. त्याच बंदुकीने समोरच्या गच्चीवरचा गुंड टिपणारा नायक मात्र छऱ्यांवर उगाच विसंबतोय.

कायद्यानेही बोरच्या दोन पंगती केल्या आहेत. ९ मिलिमीटर पॅराबेलम (हे काडतुसाच्या जातीचं नाव), .३०३, .३८, .४५५ हे सरकारी फौजांचे बोर. सामान्य लायसन्सवर ते मिळत नाहीत. सामान्य माणसाला .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२, .३१५ ची रायफल, बारा बोरची बंदूक. .३२ ची रिव्हॉल्व्हरं कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनतात. तिथूनच २०१४ साली अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं ‘निर्भीक’ आलं, स्त्रियांना पर्समध्ये ठेवता यावं म्हणून. तेव्हा सिनेमातला बिल्डर टेबलाच्या खणातून काढतो ते .३२ असेल तर तो लायसन्सवाला, प्रतिष्ठित गृहस्थ. ९ मिलिमीटर पॅराबेलम असेल तर त्याचा माणूस पोलिसांत आहे किंवा सीमेपलीकडे. पटकथाकाराने एवढं सांभाळलं तरी पहिल्या वीस मिनिटांतच अर्धं रहस्य खणात पडलेलं असतं.

.३१५ ची रायफल ही तर चंबळची जिवाभावाची. तिचा बोर असा विचित्र का, याला इंग्रज जबाबदार. त्यांच्या फौजेची रायफल .३०३ ची. शिपायाची काडतुसं चोरून कुणी खासगी बंदुकीत घालू नयेत म्हणून त्यांनी हिंदुस्थानात नागरिकांना फौजेचा बोर बंद केला. मग शिकारी मंडळींसाठी ८ मिलिमीटरची, म्हणजे .३१५ ची रायफल आली. ती दिसायला अगदी .३०३ ची सख्खी बहीण, कारण मागची खिट्टी आणि यंत्रणा तीच, नळी तेवढी वेगळी. इंग्रज गेले, भीती गेली, बोर राहिला. आजही भिंड-मुरैनाच्या लग्नात खांद्यावर जी दिसते ती बहुधा हीच.

लग्नाचा विषय निघालाच आहे म्हणून. वरातीत हवेत बार काढणं हा शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनाऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा राहिली. आमच्या भागात लायसन्सची हाव किती, तर २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीच्या लायसन्ससाठी प्राधान्य देण्याची टूम निघाली होती. २०१९ मध्ये खुद्द ग्वाल्हेरात अर्जदाराला दहा झाडं लावून त्यांच्यासोबतचा फोटो आणायला सांगितलं गेलं. पटकथेत असं लिहिलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

नुसतं ‘९ मिलिमीटर’ म्हणूनही भागत नाही. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींवर जे पिस्तूल चाललं ते इटालियन बेरेटा, १९३४ चं मॉडेल, आणि ते मिळवलं गेलं होतं आमच्याच ग्वाल्हेरातून. या शहरातल्या मराठी घरांत हा उल्लेख अजून आवाज उतरवून होतो. तेही ९ मिलिमीटरचंच, पण आखूड काडतुसाचं. त्याची पुंगळी १७ मिलिमीटर लांब, तर पोलिसांच्या पॅराबेलमची १९. दोन मिलिमीटरच्या फरकामुळे एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही. जप्त पिस्तूल एक आणि मृतदेहाजवळची पुंगळी दुसऱ्याच जातीची निघाली, यावर एक चांगला मध्यंतर होऊ शकतो. आमच्याकडे कुणी तो अजून केलेला माझ्या पाहण्यात नाही.

आता पोलिसांचं स्वतःचं कोठार. सिनेमात प्रत्येक हवालदाराकडे एके-४७ असते. प्रत्यक्षात दशकानुदशकं हवालदाराच्या खांद्यावर .३०३ होती. दहा गोळ्यांची, आणि दर बाराला खिट्टी वर, मागे, पुढे, खाली अशी हाताने फिरवायची. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत सीएसटीवर एके-४७ वाल्यांसमोर पोलिसांच्या हातात याच .३०३ होत्या. आणि गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर फक्त लाठी. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी हाताने धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. नळी धरली की काय होतं हेही समजून घ्यायला हवं. बऱ्याच गोळ्या सुटल्या की ती हात भाजेल इतकी तापते, आणि एके-४७ ची यंत्रणा नळी धरल्याने थांबत नाही, तिचा फक्त नेम सरकतो. ओंबळे यांनी तो नेम आपल्या सहकाऱ्यांकडे जाऊ दिला नाही.

बाकीची शस्त्रं ओळखायला सोपी आहेत. मॅगझिन अर्धपारदर्शक, आतल्या गोळ्या दिसतात, अशी रायफल म्हणजे इन्सास, ५.५६ मिलिमीटरची, एकेक किंवा तीन-तीनच्या फैरी झाडणारी. लांब, जड, ७.६२ ची, वीस गोळ्यांची ती एसएलआर. मंत्र्याच्या अंगरक्षकाकडे जे आखूड शस्त्र असतं आणि ज्याचं मॅगझिन खाली नसून डावीकडे आडवं निघालेलं असतं, ती स्टर्लिंग रचनेची ९ मिलिमीटर कार्बाइन. तिचं मॅगझिन हातात धरून गोळ्या झाडणारा नट दिसला तर समजावं की त्याला कुणी शिकवलेलं नाही. आणि दंगलीच्या दृश्यात धूर सोडणारी नळकांडी दिसली तर ग्वाल्हेरकराने थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. डबऱ्याच्या वाटेवर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे, तिथे १९७६ पासून अश्रुधुराचा कारखाना चालतो.

खलनायकाच्या बाजूला असतो गावठी कट्टा. एक नळी, एक काडतूस, एक बार. मग नळी मोडून पुंगळी काढायची आणि दुसरं काडतूस घालायचं. बहुधा बारा बोरचा किंवा .३१५ चा, कारण ती काडतुसं बाजारात फिरतात. स्टीअरिंगच्या रॉडपासून पाण्याच्या पाइपपर्यंत मिळेल त्या नळीचा. तो कधी पुढे फुटतो, कधी मागे. सिनेमात कट्टेवाला छोटा गुंड धडाधड सहा जणांना लोळवतो ते साफ खोटं. पण एकच गोळी आहे हे दोघांनाही माहीत असताना समोरासमोर उभे असलेले दोन पोरगे, यात जे नाट्य आहे ते मशीनगनमध्ये नाही.

कट्टा तपासालाही वेगळाच त्रास देतो. चांगल्या नळीच्या आत स्क्रूसारखे आटे कोरलेले असतात. त्यातून जाताना गोळी स्वतःभोवती फिरते आणि म्हणून सरळ जाते. जाताना तिच्या अंगावर त्या आट्यांच्या रेघा उमटतात. एनफिल्ड घराण्याच्या .३०३ ला साधारण पाच आटे, डावीकडे वळणारे. दुसऱ्या शस्त्राला सहा, उजवीकडे वळणारे. एवढ्यावरून जात कळते. नेमकं शस्त्र कळतं ते आणखी बारीक ओरखड्यांवरून, कारण दोन नळ्या कोरताना हत्यार कधीच अगदी सारखं झिजलेलं नसतं. मध्य प्रदेशात यातलं बरंच काही सागरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. तज्ज्ञ संशयित शस्त्रातून नवी गोळी झाडतो, ती आणि मृतदेहातली, अशा दोन्ही जोड-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवतो आणि रेघेला रेघ जुळते का ते फिरवून फिरवून बघतो. सिनेमात संगणक हिरव्या अक्षरांत ‘मॅच’ म्हणतो. इथे शेवटचा शब्द डोळ्यांचा असतो.

कट्ट्याच्या नळीला बहुधा आटेच नसतात. मग गोळी फारसं बोलत नाही, बोलते ती पुंगळी. तिच्या बुडावर घोड्याच्या टोकाचा खड्डा उमटतो आणि तोही प्रत्येक शस्त्राचा वेगळा. आता वर जे सांगितलं ते जोडून बघा. पिस्तूल पुंगळ्या जागेवर टाकून जातं, रिव्हॉल्व्हर आणि कट्टा त्या पोटात ठेवतात. घटनास्थळी तीन जखमा आणि एकही पुंगळी नाही म्हटल्यावर हुशार इन्स्पेक्टरने मारेकरी रिव्हॉल्व्हरवाला किंवा पुंगळ्या वेचून नेण्याइतका थंड डोक्याचा, अशा दोनच दिशा धराव्यात. ग्लॉकच्या नळीत तर टोकदार आट्यांऐवजी गोलसर कंगोरे असतात, गोळीवर रेघा पुसट उमटतात आणि तज्ज्ञाचं काम अवघड होतं. नायकाच्या आवडत्या पिस्तुलाचा हा गुण पटकथेत खलनायकाच्या जास्त कामी यावा.

पडद्यावरच्या थापांपैकी तीन मला विशेष खुपतात. पहिली, न संपणाऱ्या गोळ्या. एके-४७ मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांच्या वेगाने झाडते आणि मॅगझिनमध्ये असतात ३०. म्हणजे चाप दाबून ठेवला तर तीन सेकंदांत खेळ खलास. नायक ओरडत ओरडत अख्खं गोदाम चाळणी करतो तेवढ्यात खरं म्हणजे त्याला सात-आठ मॅगझिनं बदलावी लागली असती.

दुसरी, गोळी लागताच माणूस मागे उडून काचेतून बाहेर पडणं. ९ मिलिमीटरची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास. शाळेतला संवेगाचा नियम लावा: हा सगळा धक्का ७० किलोच्या माणसाला मिळाला तरी त्याला वेग येतो सेकंदाला ४ सेंटिमीटर. आणि गोळीने समोरचा उडत असेल तर तेवढाच धक्का झाडणाऱ्याच्या हातालाही बसतो, मग तोही मागे उडायला हवा. प्रत्यक्षात गोळी लागलेला माणूस जागीच कोसळतो, कधी कधी काही पावलं चालतोही. उडतो तो कमरेला बांधलेल्या दोरीने.

तिसरी, सायलेन्सर. ‘फुस्’ असा आवाज आणि शेजारच्या खोलीतला जागा होत नाही. पिस्तुलाचा बार साधारण १६० डेसिबलचा. चांगला सायलेन्सर त्यातले पंचवीस-तीस कमी करतो. उरतो तो आवाज रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरपेक्षा मोठाच. शिवाय सायलेन्सर फक्त नळीतून फुटणाऱ्या वायूचा आवाज दाबतो. गोळी आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटरपेक्षा जोरात जात असेल तर हवा फाटल्याचा कडाका वेगळा होतो, त्याला सायलेन्सर काय करणार? आणि रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दिसला की हसून घ्यावं. चक्री आणि नळी यांच्यामध्ये फट असते, वायू तिथूनच फुटतो.

चित्रीकरणात खरी गोळी अर्थातच नसते. जुनी पद्धत ब्लँकची: काडतुसात दारू असते, पुढे गोळी नसते, पुंगळीचं तोंड चुण्या घालून बंद केलेलं. जाळ आणि आवाज खरा येतो. पण पिस्तुलाची स्लाइड मागे जायला गोळीमुळे तयार होणारा दाब लागतो, तो नसल्यामुळे नळीत अडथळा बसवून दाब वाढवावा लागतो. ब्लँक निर्धोक नसतं. अगदी जवळून त्याचा वायूच जखम करतो. १९९३ साली ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली सेटवर गेला तो अशाच साखळीतून. आधीच्या दृश्यात वापरलेल्या डमी, म्हणजे दारू काढलेल्या दिखाऊ, काडतुसाची गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकून राहिली होती, नंतर भरलेल्या ब्लँकने तिला बाहेर ढकललं. २०२१ मध्ये अमेरिकेतच एका सेटवर रिव्हॉल्व्हरमध्ये चक्क खरं काडतूस निघालं आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा जीव गेला. त्यानंतर पुष्कळांनी सेटवर वायूवर चालणारी खेळण्याची शस्त्रं धरली आणि जाळ संगणकावर काढायला सुरुवात केली. जाणत्या डोळ्याला हा जाळ ओळखू येतो: तोंडाशी उजेड फुटतो, पण नटाच्या चेहऱ्यावर तो पडत नाही, आणि मनगट जागचं हलत नाही.

या सगळ्या सिनेमांचा प्राण म्हणजे एन्काउंटर, आणि त्यातलं शस्त्राचं प्रकरण गोळी सुटल्यावर संपत नाही. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मारली गेली. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये नियम घालून दिले. चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, आणि गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याने आपलं शस्त्र तपासणीसाठी जमा करायचं. म्हणजे नायकाच्या कमरेचं ते पिस्तूल सील होऊन प्रयोगशाळेच्या रांगेत लागतं आणि वर सांगितलेली रेघेला रेघ जुळवण्याची परीक्षा त्यालाही द्यावी लागते. चकमकीच्या जागी सापडलेला मृताचा कट्टा खरंच झाडला गेला होता का, हेही तिथेच तपासलं जातं. त्याच निकालात आणखी एक कलम आहे, जे पाळलं तर निम्म्या पोलिसपटांचा शेवटचा सीनच रद्द होईल: चकमकीनंतर लगेच संबंधित अधिकाऱ्याला बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही.